मुरुडच्या बागेत काय उभं करायचं?

लातूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की मुरुड येतं. तालुक्याचं ठिकाण नाही, पण बाजारपेठ मोठी. भोवतालच्या खेड्यांतली माणसं बी-बियाणं, कापड, दवाखाना, शाळा-कॉलेज यांसाठी इथंच येतात. अशा बाजाराच्या गावात मधोमध मोकळी जागा फार उरत नाही. उरलीच तर आधी तिथं बाभळी वाढतात, मग टपऱ्या येतात, मग गाड्या लागतात. अशी एखादी जागा साफ करून बाग करायची म्हटली, तर झाडं आणि बाकांपलीकडं तिच्यात काय असावं? गावच्याच कलाकारांनी रंगवलेल्या भिंती, त्यांनी घडवलेली शिल्पं असावीत का? की त्या पैशात आणखी गरजेचं काही होईल?

हा प्रश्न इथं दोन माणसांच्या तोंडून मांडला आहे. एक निवृत्त चित्रकला शिक्षक. निम्म्या गावाला त्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसवलेलं. दुसरे आडत दुकानदार, एके काळी ग्रामपंचायतीचे सदस्य. गाव एकाला सर म्हणतं, दुसऱ्याला अण्णा. हे दोघं लेखात उभे केलेले आहेत. त्यांनी दिलेले दाखले मात्र खरे आहेत.

"सर, आधी पाण्याचं बोला. चित्राचं नंतर," अण्णा सुरुवात इथून करतात, आणि लातूर जिल्ह्यात ती इथूनच व्हायला हवी. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. मुरुडचं स्टेशन याच मिरज-लातूर मार्गावर आहे. ते पाणी इथल्याच रुळांवरून पुढं गेलं. "ज्या गावाजवळून पिण्याचं पाणी रेल्वेनं गेलं, तिथं हिरवळ कोण भिजवणार? दोन उन्हाळ्यांत बागेचं रान होतं. मग तुमची शिल्पं वाळक्या गवतात उभी राहतील, आणि लोक म्हणतील, पैसा पाण्यात गेला असता तरी बरं झालं असतं."

"म्हणून तर मी हिरवळ मागतच नाही," सर म्हणतात. "कडुनिंब, करंज, वड लावा. पहिले उन्हाळे टँकरनं जगवा, पुढं ती आपली आपण तगतात. आणि अण्णा, चित्राला पाणी लागत नाही. दुष्काळी मुलखातल्या बागेला बारा महिने रंग हवा असेल, तर तो भिंतीवरच येणार." ते आणखी पुढं जातात. त्या वर्षी जन्मलेल्या पोरांनी हंड्यांच्या रांगा पाहिलेल्या नाहीत. टँकरभोवतीची झुंबड, पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून लातुरात लावलेली जमावबंदी, हे त्यांच्या कानावर पडेल तेवढंच. "बागेच्या लांब भिंतीवर त्या दहा वाघिणी काढा. एका टोकाला मिरज, दुसऱ्या टोकाला लातूर, मधे आपलं स्टेशन. बघणारं पोरगं बापाला विचारील, हे काय? बाप सांगील."

सरांचा हा मुद्दा सहज उडवून लावण्यासारखा नाही. बाजाराच्या गावांत स्मारकं होतात ती थोर माणसांची. गावानं मिळून सोसलेल्या गोष्टींचं चित्र कुठं निघत नाही, आणि ते काढायला मुंबईचा नामवंत कलाकार लागत नाही. त्या रांगेत उभा राहिलेला माणूस लागतो.

अण्णा आता पैशावर येतात. पंचायतीत बसलेला माणूस असल्यानं आकडे त्यांच्या जिभेवर आहेत. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाच्या बाकी सगळ्या गरजा. "त्यात रस्ता आला, दिवे आले, गटार आलं. बाजाराला बाहेरगावच्या बाया येतात, दिवसभर बसतात. त्यांना जायला धड संडास नाही अशी किती गावं दाखवू? आधी तो बांधा. नळाला पाणी, दाराला कडी, झाडायला माणूस. मग भिंती रंगवा."

या एका ठिकाणी अण्णांचं म्हणणं निर्विवाद आहे. सरही तिथं वाद घालत नाहीत. ज्या बागेत बाईमाणसाला तासभर निर्धास्त बसता येत नाही, तिथलं शिल्प गावातल्या निम्म्या लोकांसाठी नसतंच. मुंबईत चर्चगेटजवळच्या क्रॉस मैदानाचा एक भाग वर्षानुवर्षं कचरा आणि नशेबाजांच्या ताब्यात होता. ओव्हल ट्रस्टनं पुढाकार घेऊन तिथं बाग केली. आधी जागा साफ झाली, कुंपण-रस्ते झाले, लोक येऊ लागले, आणि मग वास्तुरचनाकार नुरू करीम यांचं सुमारे ३० फुटी 'चरखा' हे शिल्प उभं राहिलं. क्रम असा असेल तर शिल्पाला राखण आपोआप मिळते, कारण बागेत माणसं असतात.

पण पैसाच नाही, हे सर मान्य करत नाहीत. "अण्णा, गणपतीच्या देखाव्याला गल्लोगल्ली वर्गणी होते. नेत्याच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्सची भिंत उभी राहते. आठ दिवसांत फाटते, गटारात जाते. गाव कलेवर खर्च करतच नाही असं नाही. खर्च करतं, आणि दहा दिवसांत मोडून टाकतं. त्यातली एका वर्षाची वर्गणी मला एका भिंतीला द्या."

फ्लेक्सचा विषय निघाला की सरांचा आवाज बदलतो. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं पेंटर झाली होती. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची चित्रं, निवडणुकीच्या भिंती, सहकारी सोसायट्यांचे बोर्ड, सगळं त्यांच्या हातचं. डिजिटल छपाई आली आणि ब्रश घेतलेला माणूस बाजारातून उठला. कुणी छपाईच्या दुकानात संगणकावर बसला, कुणी घरांना पुट्टी मारायला लागला, कुणी पुण्याला गेला. जिल्हा परिषदेच्या शाळांत 'बोलक्या भिंती' रंगवण्याची कामं निघाली तेव्हा काहींना थोडे दिवस काम मिळालं. बाराखडी, पाढे, पृथ्वीचा गोल. हात अजून आहेत, असं सरांचं म्हणणं.

"हात आहेत हो, पण काय म्हणलालाव सर तुम्ही," अण्णा मधेच थांबवतात. "पाटी रंगवणं वेगळं, कला वेगळी. आपल्या पोरांनी काढलेले शिवाजी महाराज ओळखू येण्यासाठी खाली नाव लिहावं लागतं. गावचा आहे म्हणून त्याला काम द्यायचं, तर उद्या सरपंचाचा पुतण्याही गावचाच."

हा अण्णांचा सगळ्यात जड मुद्दा. 'स्थानिक' म्हणताच दर्जाची विचारपूस थांबते आणि ओळखीपाळखीची सुरू होते. कामाचा दर्जा न बघता दिलेलं काम हे त्या कलाकारालाही मारक असतं, कारण पुढं त्याला कुणी बोलावत नाही.

सर उत्तर देतात ते उदाहरणांनी. मुंबईत वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळक्यांचं प्रचंड भित्तिचित्र आहे. २०१४ मध्ये ते साकारणाऱ्यांत रणजित दहिया होते, आणि हरियाणातल्या सोनीपत भागात त्यांची सुरुवात भिंतींना चुना मारण्यापासून झाली होती. पुढं ते चंदीगडला आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकले, हे खरं. पण भिंत कशी हाताळायची ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं. मुंबई शेअर बाजाराच्या दारातला धावून येणारा कांस्याचा बैल भगवान रामपुरे यांचा, आणि ते सोलापूरचे. मुरुडहून सोलापूर काही परदेश नाही. निलंग्याच्या मंगेश निपाणीकरांनी २०१९ मध्ये शेतात गवत उगवून शिवाजी महाराजांची काही एकरांची प्रतिमा साकारली, ती बघायला जिल्ह्यातून माणसं लोटली. "ओळखू आले का नाही महाराज?" सर विचारतात.

मग ते भिंतीवरचं काम समजावून सांगतात. लहान कागदावरच्या चित्रावर इंचाइंचाचे चौकोन पाडायचे. भिंतीवर फुटाफुटाचे. निळीत भिजवलेली सुतळी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायची. टप्प आवाज होतो आणि भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. मग कागदावरच्या एका चौकोनात जे आहे, तेवढंच भिंतीवरच्या त्याच चौकोनात. नाक म्हणून नाक काढायचं नाही, डोळा म्हणून डोळा नाही. चौकोनात आलेली वाकडी रेघ तेवढी उतरवायची. खाली उतरून, रस्ता ओलांडून, लांबून बघायचं आणि पुन्हा वर चढायचं. हे कसब पाट्या रंगवणाऱ्या प्रत्येक पेंटरला येतं. त्याच्याकडं कमी पडतं ते चित्र रचण्याचं शिक्षण, आणि त्यासाठी एखादा शिकलेला चित्रकार सोबत देता येतो. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरानं १९८४ मध्ये भिंती विद्रूप करणाऱ्या पोरांनाच चित्रकार जेन गोल्डन यांच्या हाताखाली कामाला लावलं. त्यातून उभ्या राहिलेल्या उपक्रमानं शहरात हजारो भित्तिचित्रं केली.

अण्णा थोडे सैलावतात, पण त्यांना बांधकाम कळतं. "चित्र चांगलं निघेल, धरू. टिकणार किती? आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर दुसऱ्या वर्षी भिंतीला तडा. गिलावा बोअरच्या खाऱ्या पाण्यात कालवलेला. ओल वर चढली की रंगाचे पोपडे निघतात. आणि शिल्पाचं म्हणाल, तर मालवणचं विसरलात?" ४ डिसेंबर २०२३ ला राजकोट किल्ल्यावर अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. तिथं निधी होता, यंत्रणा होती, देशाचं लक्ष होतं.

मालवणचा दाखला सर शांतपणे ऐकून घेतात. त्यावर ते तेरचं नाव काढतात, आणि इथं या वादाला खरी खोली येते.

मुरुडच्या पुढं ढोकी, ढोकीहून तेर. प्राचीन तगर नगर ते हेच. रोमन जगाशी व्यापार असलेल्या या गावाचं नाव इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात येतं. इथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतांतून, पांढरीतून सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय तेरला आहे. हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, पांढऱ्या शाडूच्या भाजलेल्या मूर्ती आहेत, मणी आहेत, ठसे आहेत. काही मूर्ती बोटाएवढ्या, पण त्यांच्या केसांची बांधणी आणि कानातले दागिने आजही मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. गावातलं त्रिविक्रमाचं मंदिर विटांचं आहे, मूळचं बौद्ध चैत्यगृह मानलं जातं. महाराष्ट्रात आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या वास्तूंत त्याची गणना होते. आणि संत गोरोबा काका तेरचेच, जातीनं कुंभार.

"भाजलेली माती शतकानुशतकं टिकते, हे बघायला आपल्याला लांब जायला नको," सर म्हणतात. "मग फायबर कशाला? भिंतीवर रंगाऐवजी मातीच्या उठावाच्या फरश्या बसवा. हातभर चौरस, आवा लावून भाजलेल्या. एखादी फुटली तर तेवढी काढून दुसरी बसवता येते. कुंभारांना बैलपोळ्याचे बैल आणि माठ सोडून दुसरं काम मिळेल. वाघिणी त्यात येतील, बाजार येईल, हंडे येतील." भाजलेल्या फरशीला ऊन लागून रंग उडत नाही, कारण रंग वरून दिलेला नसतो, तो मातीचाच असतो. अण्णा यावर काही बोलत नाहीत. मुरमापर्यंतचा पाया मात्र ते पुन्हा सांगतात, आणि तो आग्रह रास्तच आहे. चांगली फरशी खचणाऱ्या भिंतीवर बसवून उपयोग नाही.

उरला तो सगळ्यात नाजूक प्रश्न. विषय कोण ठरवणार?

"भिंतीवर कोण आलं आणि कोण राहिलं, यावरून गाव दोन ठिकाणी बसेल," अण्णा म्हणतात. पुण्याच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा जानेवारी २०१७ मध्ये रात्रीतून उखडून मुठा नदीत टाकला गेला, हे त्यांच्या लक्षात आहे. गडकऱ्यांच्या नाटकातल्या चित्रणावरचा राग बागेतल्या पुतळ्यावर निघाला. अण्णांचं मत असं, की बागेत माणसांचे चेहरेच नकोत. झाड, पक्षी, बैल, रेल्वे, एवढंच.

सरांना हे अर्धंच पटतं. एप्रिल २०२२ मध्ये लातूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर पार्कमध्ये सुमारे ७० फुटांचा 'स्टॅच्यू ऑफ नॉलेज' उभा राहिला. तो बघायला आलेली माणसं कलाकृती म्हणून नुसती बघत नव्हती. पोरांना खांद्यावर घेऊन, हात जोडून उभी होती. ज्यांना शतकानुशतकं गावाच्या मधोमध जागा नव्हती, त्यांच्या दृष्टीनं शहराच्या बागेत आपल्या माणसाचा चेहरा असणं ही शोभेची बाब नाही. कोल्हापुरात बिंदू चौकातले महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं डिसेंबर १९५० मध्ये बसले, बाबासाहेबांच्या हयातीत. "चेहरे नकोत म्हणणं सोपं आहे अण्णा. ज्यांचे चेहरे आधीपासून सगळीकडं आहेत, त्यांना ते आणखी सोपं."

हे वाक्य अण्णांना लागतं. ते बराच वेळ गप्प राहतात आणि मग म्हणतात, की पुतळा करायचाच तर रीतसर करा: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता. भित्तिचित्रांना असली चाळणी नाही, म्हणून तिथं गावाचीच चाळणी हवी. नमुने आधी ग्रामसभेत मांडा. महिलांच्या ग्रामसभेत आधी, मग मोठ्या सभेत. लोकांना न विचारता बसवलेल्या कामाचं काय होतं, याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण न्यूयॉर्कचं. रिचर्ड सेरा या मोठ्या शिल्पकाराची १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत १९८१ मध्ये सरकारी कार्यालयांच्या चौकात बसली. तिथं रोज काम करणाऱ्यांना ती वाट अडवणारी वाटली. जाहीर सुनावणी झाली, खटला झाला, आणि १९८९ मध्ये ती कापून नेली. शिल्पकार मोठा होता, यात शंका नाही. चौक मात्र त्याचा एकट्याचा नव्हता.

दोघांच्या बोलण्यातून एक गोष्ट हळूहळू वर येते, आणि ती इथं ठामपणे लिहायला हवी. गावच्या कलाकाराला काम देणं हा उपकार नाही आणि सवलतही नाही. त्याला गवंड्यासारखी ठरलेली मजुरी मिळावी, चित्र रचण्याचे पैसे वेगळे मिळावेत, कामाचा करार व्हावा, भिंतीवर त्याचं नाव यावं आणि बिघाड झाला तर जाबही त्यालाच विचारता यावा. गावचा असण्याचा खरा फायदा हा शेवटचा. बाहेरचा कलाकार उद्घाटनानंतर निघून जातो. इथला माणूस रोज त्याच भिंतीसमोरून भाजी आणायला जातो; पोपडा निघाला की त्याला आधी दिसतो. 'मजुरी नको, तुझं नाव होईल' असं सांगून ज्याच्याकडून फुकट काम करून घेतलं, त्याच्याकडून या जबाबदारीची अपेक्षा करता येत नाही.

आणि डागडुजीचा पैसा पहिल्याच अंदाजपत्रकात बाजूला काढलेला असावा. चंदीगडच्या नेकचंद यांनी सरकारी नोकरी सांभाळून, फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि बांधकामाचा टाकाऊ माल वापरून जंगलात गुपचूप जी शिल्पनगरी उभी केली, ती १९७६ मध्ये 'रॉक गार्डन' म्हणून लोकांना खुली झाली. पण १९९६ मध्ये ते परदेशात असताना बागेला मिळणारी मदत काढून घेतली गेली, देखभाल थांबली आणि मोडतोड सुरू झाली. पुढं लोकांच्या पुढाकारातून सोसायटी झाली, तेव्हा ती सावरली. जगप्रसिद्ध बागेची ही गत, तर मुरुडमध्ये माळी आणि पेंटर यांची सोय न करता बाग उघडणं म्हणजे ती पुन्हा टपऱ्यांच्या हवाली करणं.

इतकं होऊनही दोघांचं एका गोष्टीवर जमत नाही. सरांना सगळी भिंत मातीच्या फरशांची हवी आहे, नातवंडांच्या नातवंडांनी बघावी अशी. अण्णांना निम्मी भिंत कोरी हवी आहे. दर दोन-तीन वर्षांनी ती पांढरी करायची, ग्रामसभेत नवे नमुने मागवायचे, नव्या पोरांना द्यायची. "एकदाच सगळं भरून टाकलं तर पुढच्या इंटरमिजिएटवाल्यानं कुठं काढायचं? तुमच्याच विद्यार्थ्यांचं मी बोलतोय." सर म्हणतात, पांढरी केलेली भिंत पुन्हा कुणी रंगवत नाही; तिच्यावर आधी ट्यूशनच्या जाहिराती येतात. अण्णा म्हणतात, ते ग्रामपंचायतीचं बघणं झालं.

फरशांच्या बाजूला मात्र अण्णांचा विरोध उरलेला नाही. तेरला जाऊन कुंभारांशी बोलायचं, दहा फरश्या नमुन्याला भाजून घ्यायच्या, त्या एका पावसाळ्यात उघड्यावर ठेवून बघायच्या आणि मगच सगळ्या भिंतीचा आकडा काढायचा, इथपर्यंत ते आले आहेत. "पण मृगाच्या आधी सांगा सर," ते म्हणतात. "पाऊस सुरू झाला की आवा लागत नाही, आणि माझा हंगामही सुरू होतो."